ताटात डोकवायचं न्हाय

आक्का, तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या घरात गॅस पेटला नाही. रीतीप्रमाणे कडू घास शेजारपाजारच्यांनी आणला. समोरून पिठलं-भाकरी आली, वरच्या मजल्यावरून मुगाची आमटी आली आणि तुमच्या शाळेतल्या एका बाईंनी दोडक्याची भाजी आणली, तीही बिनकुटाची. सोलापुरात राहून शेंगदाण्याचं कूट न घालता कुणी दोडका करतं, यावर तुमचा विश्वासच बसला नसता. मी चादर अंथरली, मधोमध भांडी मांडली आणि सगळ्यांना बोलावलं. भूक कुणालाच नव्हती, पण बसायचं हे ठरलेलंच होतं.

तुमची मधुरा आणि माझी इरा शेजारी शेजारी बसल्या. डोळे सुजलेले, नाकं लाल. दोघींनी आपापल्या हातानं वाढून घेतलं. चार घास का होईना, पण पिठलंही घेतलं आणि तो दोडकाही घेतला. बार्शीहून आलेल्या तुमच्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि मला हळूच विचारलं, "आगं, ह्या पोरी दोडका खात्यात?"

"सगळं खात्यात," मी म्हणाले.

"आमच्याकडं नातवाच्या मागं ताट घिऊन गल्लीभर पळावं लागतंय की गं."

खरं सांगते, तुम्ही जाऊन काही तासच झाले होते आणि माझी छाती अभिमानानं भरून आली. अशा वेळी असं वाटावं का, कोण जाणे. पण वाटलं. "आमच्या आक्कांनी लावलंय हे वळण," असं मी म्हणाले आणि तिथं माझा बांध फुटला.

जेवला नाही तो तुमचा ओंकार. तो बसला, कारण न बसण्याची आपल्या घरात सोयच नाही. त्यानं चतकोर भाकरी घेतली, एक तुकडा मोडला, सगळ्यांचं होईपर्यंत मांडी घालून थांबला आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. आता तेरावा होऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले, शाळा-कॉलेज सुरू झालं, तरी तेच. बारावीतलं एवढं उंचपुरं पोर चहा-बिस्किटावर चाललंय. गालाची हाडं वर आलीत. भाऊजी माझ्याकडे बघतात, मी भाऊजींकडे बघते आणि कुणी काही बोलत नाही. कारण तुमचा कायदा. कुणाच्या ताटात डोकवायचं न्हाय, कुणाला घे म्हणायचं न्हाय, नको म्हणायचं न्हाय.

म्हणून तुमच्याशी बोलायला बसलेय. या कायद्यावरून आपण दोघी जावा पहिल्यापासून भांडत आलो. आता तुमच्याच पोराच्या बाबतीत तो पाळायचा की मोडायचा, हे माझ्या एकटीच्या गळ्यात घालून तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

सगळं सुरू झालं ते माझ्या शेगडीवरून. इरा तेव्हा अंगणवाडीच्या वयाची होती आणि फक्त पांढरं खायची. दूधभात, दही-भाकरी, शेवया, दुधात बुडवलेलं बिस्कीट. ताटात हिरवं-लाल काही दिसलं की तोंड फिरवायची. मी दिवसभर आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दुसऱ्यांच्या पोरांना भूक लागायची टॉनिकं विकायची आणि घरी येऊन स्वतःच्या पोरीच्या तोंडात घास जावा म्हणून मोबाईलवर कार्टून लावायची. डॉक्टर प्रत्येक वेळी वजनाच्या काट्याकडे बघून 'हं' म्हणायचे. शेवटी मी एक इलेक्ट्रिक शेगडी आणली आणि आमच्या खोलीत टेबलावर ठेवली. तिचा दूधभात, तिच्या शेवया तिथंच करायच्या, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या घाईत ओट्यावर गर्दी नको, एवढाच माझा विचार.

तुमच्या डोक्यात भलतंच आलं. शाळेतून येता येता तुम्ही दारातून ती शेगडी पाहिलीत आणि रविवारपर्यंत तोंडाला कुलूप लावलंत. रविवारी सकाळी मी बाहेर आले तर हॉलभर भांडी. दोन ढीग. इकडे पातेली, तिकडे पातेली. इकडे तवा, तिकडे तवा. पराती, कढया, डाव, झारे सगळं निम्मं निम्मं. मिक्सर एकच, तो मधोमध. आणि तुम्ही आंघोळ करून, काठपदराची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारख्या खुर्चीत बसलेल्या.

"हे बग," तुम्ही म्हणालात, "भांडून वाटन्या करायच्या न्हाईत. गोडीत करू. मिक्सर तूच ठीव, लेकरू ल्हान हाय तुजं."

मला काही कळेना. आमचे हे तोंडात ब्रश धरून बाहेर आले, ढिगांकडे बघून म्हणाले, "मोडीत घालताय व्हय? त्यो पितळंचा डबा नका हां देऊ." तेवढ्यात भाऊजी टॉवेल गुंडाळून ओल्या अंगानं धावत आले, कारण तुम्ही बाथरूमच्या दारावर थापा मारून त्यांना सांगितलं होतं की धाकटा भाऊ चूल वेगळी करतोय. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत उभे. एकाच्या तोंडाला फेस, दुसऱ्याच्या डोक्याला.

माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा आधी राग आला, मग हसू. "आक्का, ती शेगडी इराच्या दूधभातासाठी आणलीय."

"दूदभातासाठी?"

"व्हय."

"मग तोंडानं सांगायचं की गं बाई! चार रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाय माजा." आणि तुम्ही त्या भांड्यांच्या ढिगातच मटकन खाली बसलात आणि पोट धरून हसलात. हायस्कुलात गणित शिकवणारी बाई. वाटणी अगदी बिनचूक केली होती, उदाहरणच चुकीचं घेतलं होतं. आजही आपल्या नात्यात कुणी नवी शेगडी घेतली की आधी तुमची आठवण निघते.

पण हसून झाल्यावर, भांडी परत फळीवर लावता लावता तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरले नाही. "खरं सांगू का? पोरीची भाजी येगळी झाली म्हंजी पोर येगळी झालीच की. ती खोलीत एकटी खाती मोबाईल बघत, आमी हितं खातो. खायला शिकायचं कुणाचं बगून तिनं?"

"ती उपाशी राहील आक्का."

"कशी ऱ्हाईल? भाकरी-दही खाती न्हवं? ते रोज ठिवायचं. बाकीचं समोर असू दे. घेतलं तर घेतलं."

मी चुकले होते असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आताही म्हणणार नाही. ज्या आईचं पोर जेवत नाही तिला शहाणपण सांगणं सोपं असतं. पण त्या संध्याकाळपासून शेगडी कपाटावर गेली आणि आपलं जेवण सुरू झालं, जे आजतागायत चालू आहे. अंधार पडला की चादर अंथरायची, टीव्ही बंद, मोबाईल फ्रिजच्या डोक्यावर. मोठ्यांना जे, तेच पोरांना. फार तर तिखट जरा बेतानं. कुणी कुणाला वाढायचं नाही, भांडी मधोमध, पोरांनीसुद्धा आपल्या हातानं घ्यायचं. सुरुवातीला सांडायचं किती! इरानं आमटीचा डाव सरळ भाऊजींच्या मांडीवर रिकामा केला होता. भाऊजी चटका बसून उठले, पण तुमच्या नजरेकडे बघून 'काही झालं न्हाय' म्हणत परत बसले.

आणि ताटाविषयी चकार शब्द काढायचा नाही. भाजी खारट झाली म्हणा, आमटी पाणचट म्हणा, त्याला बंदी नव्हती. पण इरानं किती खाल्लं, काय टाकलं, यावर बोलायचं नाही. माझ्या नाकी नऊ यायचे. एकदा तिनं वांग्याची एक फोड घेतली, वास घेतला आणि ताटाच्या कडेला ढकलली. मी तोंड उघडलं तेवढ्यात तुम्ही मला चटणी मागितलीत. नंतर ओट्यापाशी मी तुमच्यावर उसळले, "अन्न टाकायला शिकवताय का तिला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काल घेतली न्हवती, आज घेतली. हुंगली. मला तर लई झालं एवढं." शिरा केला तरी तो भाजीबरोबरच मधोमध मांडायचा, इवलासा. भाजी संपवली तर शिरा, असला सौदा तुम्हाला मुळीच खपायचा नाही. भाजी म्हणजे शिक्षा आणि शिरा म्हणजे बक्षीस असं पोराला वाटता कामा नये, हे तुमचं म्हणणं मला पटायला फार काळ लागला.

त्यात तुम्ही स्वतः काही संत नव्हता. कारलं तुम्हाला आवडायचं नाही. पण ते केलं की तुम्ही दोन फोडी घ्यायच्या, सगळ्यांदेखत तोंड वाकडं करायचं आणि खायच्या. "कडू जहर हाय. पन खाते थोडं," हे तुमचं दरवेळचं भाषण. पोरं खो खो हसायची आणि आपणही दोन फोडी उचलून तुमच्यासारखं तोंड वाकडं करायची. शाळेतून येताना खारी आणून तुम्ही चहात बुडवून खायच्या आणि मला म्हणायच्या, बघितलं न्हाईस तू. मी कशाला बघू? ताटात डोकवायचं न्हाय, तर मग बशीत तरी कशाला?

इरा कितीतरी महिने भाकरी-दह्यावर होती. मी रोज मनात तुम्हाला शिव्या घालायची, आता सांगायला हरकत नाही. मग येळवस आली. तुमच्या माहेरी अक्कलकोटकडे वेळ अमावस्येला सगळे शेतात जेवतात, तशी त्या वर्षी आपण सगळे गेलो. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीसमोर घोंगड्या अंथरलेल्या, ज्वारी छातीएवढी उभी, तुमच्या भावजयीनं भलं मोठं पातेलंभर भज्जी केलेली. तुरीचे दाणे, वाल, हरभरा, मेथी, पालक, शेतात जे हिरवं सापडलं ते सगळं त्यात. सोबत बाजरीची भाकरी आणि मडक्यात गार आंबील. तुमच्या आईनं इराला "बा, बा" म्हणत कानडीत जवळ बोलावलं, पण ती ओंकारच्या शेजारी जाऊन बसली. तो तिला कोपीच्या मागं दिसलेल्या मुंगसाची गोष्ट सांगत होता. गोष्ट ऐकता ऐकता तिचा हात त्याच्या ताटात गेला. तिनं भज्जीतला एक वाल उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग भाकरीचा तुकडा बुडवून सरळ खायलाच लागली, हिरवीगार भज्जी, हनुवटीला ओघळ.

मी ओरडणारच होते. आनंदानं. तेवढ्यात तुमचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तुम्ही तो इतक्या जोरात दाबलात की दुसऱ्या दिवशी वळ होता. तुम्ही तिच्याकडे बघत नव्हता, ज्वारीकडे बघत होता. मीही ज्वारीकडे बघायला लागले. दोघींचे डोळे भरलेले आणि समोर पोरगी मुंगसाचं शेपूट केवढं होतं ते विचारत जेवतेय. आपल्या दोघींमध्ये तेवढं जवळचं पुन्हा कधी काही घडलं असेल असं मला वाटत नाही. त्याविषयी आपण कधी बोललोही नाही.

पुढं डॉक्टरांनी काट्याकडे बघून 'अरे वा' म्हटलं आणि मला विचारलं, कुठलं टॉनिक दिलं? दुकानभर टॉनिकं मांडून बसणारी मी, मला एकाचंही नाव सांगता येईना. आज इरा तेरा वर्षांची आहे, अंबाडीची भाजी भाकरीला लावून लावून खाते, मैत्रिणींच्या घरी गेली की त्यांच्या आया मला फोन करून विचारतात, तुम्ही हिला कसं शिकवलं. मी दरवेळी तुमचं नाव सांगायची. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही. तुम्ही लगेच म्हणाला असता, "बग, मी म्हनत न्हवते का?" आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

कारण एका गोष्टीवर मी तुमच्यापुढं कधीच मान तुकवली नाही. आग्रहाच्या. माझं माहेर माळशिरसकडचं. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात त्यानं हात आडवा घातला तरी वरून पोळी पडते. माझी आई पहिल्यांदा आपल्याकडे जेवली आणि गाडीत बसताना मला म्हणाली, "तुज्या जावंनं एकदासुदीक घ्या म्हटलं न्हाई गं. आर्धपोटी उठले मी." मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चकित. "भांडी समोर व्हती की! भूक ज्याची त्याला कळती." मी म्हणायची, आग्रह म्हणजे जबरदस्ती नव्हे आक्का, माणसाला कधीकधी नुसतं कुणी 'घे' म्हणावं असं वाटतं. तुम्ही म्हणायच्या, म्हणूनच माणसं भूक नसताना खातात आणि तुझ्या दुकानात गोळ्या घ्यायला येतात. हे भांडण आपण कितीदा केलं असेल! शेवटच्या दिवसांत दवाखान्यातसुद्धा तुम्ही सोडलं नाहीत. मी पेज घेऊन आले आणि 'अजून दोन चमचे' म्हणाले, तर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "सुरू झालं हिचं." मग विचारलंत, "घरी सगळी बसली व्हती का?"

"बसली होती," मी म्हणाले. खरंच बसली होती.

तुमचा चेहरा निवला. पेज तशीच राहिली.

आता ओंकारविषयी. मी तुमच्या पद्धतीनं वाट बघितली आक्का. रोज त्याला आवडतं असं काहीतरी मधोमध ठेवलं, रोज गप्प बसले. त्याच्या ताटाकडे कुणी बघितलं नाही. आणि मग मला भीती वाटायला लागली, की ताटाकडे न बघता बघता आम्ही त्याच्याकडेच बघेनासे झालोय. इरा तेव्हा जेवत नव्हती ती भाजीला घाबरून, आणि तिच्या बाजूला तुम्ही होता. या पोराला कुठल्या भाजीची भीती नाही. त्याला तुमच्या हातचं कूटसुद्धा ओळखू येतं. त्याची भूक वाट बघून परत येणार, हे मला कुणी सांगावं?

काल मेथी केली होती, मसुराची आमटी होती आणि भाकरी मीच थापली, तुमच्याइतकी पातळ नाही जमत. सगळे बसले. ओंकारनं चतकोर भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि थांबला. भाऊजी आमटीत बोट फिरवत राहिले. मी टोपल्यातली गरम भाकरी उचलली.

"ओंकार, भाकरी घे."

मधुराचा हात हवेत राहिला. इरा माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी देवापुढं शिवी दिली. आमच्या ह्यांना ठसका लागला.

ओंकारनं मान वर केली. किती दिवसांनी त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "काकू," तो म्हणाला, "आपल्या घरात आसं म्हनायचं न्हाय."

"म्हाईत हाय मला. घे."

"आई असती तर भांडली असती तुज्याशी."

"भांडली असती. जिंकलीबी असती. घे."

मग त्यानं ताट पुढं केलं. मी भाकरी ठेवली, वर मेथी वाढली, आपल्या हातानं, तुमच्या सगळ्या कायद्यांवर पाणी सोडून. त्यानं घास घेतला. आणि आक्का, तुमची माणसं बघा. भाऊजींनी मान खाली घातली, पोरी आपापल्या ताटांत बघायला लागल्या, आमचे हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. एकानंही त्याच्या ताटाकडे नजर टाकली नाही, असं घर तुम्ही घडवून गेलात.

मी मात्र डोकावले. त्याचा शेवटचा घास संपेपर्यंत डोकावत राहिले.